पाहुण्याचा मागचा पाय

जनावरांच्या दवाखान्यातल्या त्या खोलीत सगळ्यांनी चष्मे घातले की मगच यंत्र सुरू होई. लेसरवाली मुलगी आधी स्वतः घाली, मग चेकरबाईंच्या हातात एक देई आणि शेवटी कुत्र्याच्या डोळ्यांवर त्याचा वेगळा, कानांमागून पट्टा जाणारा गॉगल चढवी. काचा गडद हिरव्या होत्या. त्यांतून भिंती, टेबल, मुलीचा पांढरा कोट, सगळंच शेवाळलेल्या हौदात बुडाल्यासारखं दिसे. चेकरबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती पहिल्याच दिवशी, इथेच. जिथं काम नीट दिसायला हवं, नेमकी तिथंच सगळ्यांच्या डोळ्यांवर झापडं?

"हे कशाला?" त्यांनी विचारलं होतं.

"डोळ्यांना अपाय होऊ नये म्हणून, काकू. या प्रकाशाची तिरीपसुद्धा डोळ्यात जाता कामा नये. म्हणून तर इथला आरसा काढून टाकलाय. पाण्याचं स्टीलचं भांडंही बाहेर ठेवतो आम्ही."

"काकू कोणाची? माझं लग्न कुठं झालंय?"

"बरं, मावशी."

"आणि डोळ्याला इजा करणारा प्रकाश पायाला बरं कसा करतो?"

"ऊन डोळ्यात गेलं तर त्रास होतो, पण पाठीवर घेतलं की बरं वाटतं ना? तसंच थोडंफार."

उत्तर तयार होतं. तयार उत्तरांवर चेकरबाईंचा आयुष्यात कधी विश्वास बसला नव्हता.

त्यांना चेकरबाई म्हणत ते त्यांच्या नोकरीवरून. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एका कापड कारखान्याच्या तपासणी खात्यात घालवली होती. दुधी काचेचं तिरकं टेबल, काचेमागे पांढऱ्या नळ्यांचा उजेड आणि वरच्या रुळावरून त्या काचेवर सारखं उतरत राहणारं कापड. त्यासमोर उभं राहायचं आणि बघायचं. तुटलेला धागा, तेलाचा डाग, गाठ, विरळ विणीचा पट्टा. दोष दिसला की पायाखालचं पेडल दाबायचं, कापड थांबे, काठाला लाल दोरा बांधायचा, पुन्हा पेडल. दुरुस्ती शेजारच्या खोलीत होई. तिथल्या बाया मान मोडेपर्यंत रफू करत आणि ते कापड पुन्हा चेकरबाईंच्याच काचेवर येई. दुसऱ्या कोणाला तिथं काही दिसत नसे. चेकरबाईंना रफू दिसे. त्यामुळे बिघडलेली वस्तू सुधारते, या कल्पनेवरच त्यांचा फारसा भरवसा उरला नव्हता.

निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, नजर सुटली नाही. दुकानातून आणलेली चादर आधी खिडकीशी उजेडात धरून बघितली जाई आणि मगच गादीवर पडे. ऐन तारुण्यात त्यांचं एका चांगल्या, शिकलेल्या माणसाशी लग्न जमत आलं होतं. तो घरी येऊन बसला, गप्पा रंगल्या आणि तो निघून गेल्यावर या म्हणाल्या, "त्याच्या सदऱ्याची कॉलर उसवून उलटी लावलीय." आई म्हणाली, "अगं, काटकसरी असेल." त्या म्हणाल्या, "काटकसरी असता तर सांगितलं असतं. हा लपवतोय." विषय संपला. तेव्हापासून त्या धाकट्या भावाच्या घरात राहत होत्या. भाऊ त्यांना ताई म्हणे आणि त्यांच्यापुढे जपून बोले. भावजय त्यांना वन्सं म्हणे आणि जपून वगैरे अजिबात बोलत नसे.

पाहुणा, म्हणजे हा कुत्रा, या घरात आला तो शेजाऱ्यांचा म्हणून. "दोनच दिवस सांभाळा, गावाला जाऊन येतो," असं सांगून शेजारी गेले ते कायमचेच. नाव भावानं ठेवलं. पांढरं अंग, पाठीवर तपकिरी धब्बे आणि पोटाच्या, मांड्यांच्या गुलाबी कातडीवर काळे बारीक ठिपके, जणू कोणी शाईचं पेन झटकलंय. सुरुवातीला चेकरबाई त्याच्यापासूनही सावध होत्या. "काही कारण नसताना इतकं गोड कोणी वागत नाही," असं म्हणून त्या दाराला कडी लावून झोपत. तो दाराबाहेर झोपे. पुढं कधीतरी कडी लावायची राहिली, आणि आता तर तो खाटेखाली घोरला नाही तर त्यांचाच डोळा लागत नसे.

एके दिवशी मांजरामागे धावताना त्यानं जिन्याच्या अर्ध्यातून उडी घेतली आणि खाली आला तो तीन पायांवर. मागच्या डाव्या गुडघ्याच्या आतली दोरी तुटली होती. ऑपरेशन झालं. जनावरांच्या हाडांचे हे डॉक्टर धिप्पाड, हात फावड्यासारखे. ते रोग्याशी भरपूर बोलत, नातेवाइकांशी कामापुरतं. पण त्या दिवशी त्यांनी चेकरबाईंना समोर बसवून सांगितलं, "याचं वय झालंय. भूल त्याला झेपेल की नाही, याचीच धास्ती होती. एकदा निभावलं. आता हा पाय त्यानं टेकवायला हवा. नाही टेकवला, तर सगळा भार उजव्यावर जाणार, आणि उजव्याची दोरी तुटली तर मी त्याला पुन्हा टेबलावर घेणार नाही. स्पष्ट सांगतो."

"मग काय करायचं?"

"चालवायचं, व्यायाम द्यायचा. आणि लेसर घ्या. सूज आणि दुखणं कमी व्हायला मदत होते, असा माझा अनुभव आहे."

मदत होते. अनुभव आहे. चेकरबाईंनी हे दोन्ही शब्द मनातल्या मनात काठाला दोरा बांधून बाजूला ठेवले. पण उजव्या पायाचं ऐकलं होतं, म्हणून त्या हो म्हणाल्या.

तेव्हापासून त्या पाहुण्याला घेऊन येत होत्या. यंत्र म्हणजे एक चौकोनी खोकं, त्यातून निघालेली वायर आणि वायरच्या टोकाला हातात धरायचं दांडकं. मुलगी पायाखालचं पेडल दाबे, खोकं बीप करे, पाहुण्याच्या गुडघ्यावर उजेडाची एक टिकली उमटे आणि मुलगी ती टिकली संथपणे फिरवत राही. हात एका जागी थांबू द्यायचा नाही, इस्त्रीसारखा सरकता ठेवायचा. काळे केस आणि काळी कातडी जास्त तापते म्हणून तिथं तर आणखी जपायचं, असं ती एकदा आपण होऊनच म्हणाली होती. पाहुणा गॉगल लावून आडवा पडे आणि थोड्या वेळात पेंगू लागे.

"हाच का तो लेसर? ही टिकली?"

"नाही मावशी, लाल उजेड नुसता जागा कळावी म्हणून. औषधाचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही."

"दिसत नाही."

"नाही."

"म्हणजे तो निघतोय की नाही, ते मला कळणार कसं?"

"बीप वाजते की."

"बीप माझं घड्याळसुद्धा करतं."

घरी आल्यावर त्या धुसफुसत. "जन्मभर उजेडासमोर उभी राहिलेय मी. उजेडानं दोष दिसतो. उजेडानं दोष जातो, हे मी पहिल्यांदाच ऐकतेय. तोही न दिसणाऱ्या!"

भाऊ वर्तमानपत्राआडून म्हणाला, "ताई, एक्स-रे तरी कुठं दिसतो?"

"एक्स-रेचा फोटो येतो. याचा फोटो दाखव."

"वन्सं," भावजय आतून ओरडली, "तुम्ही वर गेल्यावर स्वर्गाचीसुद्धा शिवण उलटी करून बघाल!"

"बघेनच. आणि तू माझ्यामागून आलीस की तुला सांगेन, कुठं उसवलीय ते."

चेष्टा वेगळी, पण त्यांना खरंच काही फरक दिसत नव्हता. पाहुणा पाय खाली आणी, नखं जमिनीला लावी आणि पुन्हा उचले. नाचणाऱ्या बाईनं चवड्यावर उभं राहावं तसा. हळूहळू त्यांच्या मनानं घेतलं की ही मुलगी काम अर्धवट करते. गुडघ्याची बाहेरची बाजू त्यांना बाकावरून दिसे. पण आतल्या बाजूला लेसर द्यायची वेळ आली की मुलगी टेबलाला वळसा घालून जाई आणि तिची पाठ चेकरबाईंकडे होई. रोज नेमकी तेव्हाच पाठ! यात काहीतरी काळंबेरं आहे, हे सांगायला कोणी लागत नव्हतं.

कारखान्यात एक पद्धत होती. एखादी तपासणारी खरंच बघते की नुसती उभी असते, हे कळावं म्हणून मुकादम एखाद्या ताग्यात मुद्दाम एक धागा ओढून ठेवी. खोटा दोष म्हणत त्याला. तो कुठं आहे हे फक्त मुकादमाला ठाऊक. ज्या बाईच्या नजरेतून तो सुटे तिची संध्याकाळी सगळ्यांदेखत शोभा होई. चेकरबाईंच्या नजरेतून एकही सुटला नव्हता. पुढं नव्या मुलींच्या ताग्यांत त्या स्वतःच असे धागे ओढू लागल्या. माणसाच्या तोंडाकडं बघून तो कसा आहे ते कळत नाही, त्याच्या वाटेत काहीतरी ठेवून बघावं लागतं, असं त्यांचं पक्कं मत झालं होतं.

म्हणून एका दुपारी, भावजय पेंगत असताना, त्यांनी कपाटातून कारखान्यातलं खुणेचं पेन काढलं आणि पाहुण्याला कुशीवर झोपवून त्याच्या डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला, कातडीवरच्या मूळच्या ठिपक्यांमध्ये चार-पाच काळे ठिपके काढले. मूळचे कोणते आणि आपले कोणते, हे फक्त त्यांनाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी बाकावरून उठायचं, भिंतीकडून पुढं व्हायचं आणि टिकली आपल्या ठिपक्यांवरून फिरते का, एवढंच बघायचं. पाहुण्यानं त्यांचा हात चाटला.

दुसऱ्या दिवशी मुलगी टेबलाला वळसा घालून गेली तशा चेकरबाई उठल्या.

"काय झालं मावशी?"

"पाय अवघडलेत. उभी राहते जरा."

हिरव्या काचेतून लाल टिकली करडी दिसत होती. ती गुडघ्याच्या वरून आत उतरली, मांडीकडं गेली, वळली. पहिल्या ठिपक्यावरून गेली. पाहुण्याचा कान हलला. मुलीचा हात सरकतच होता. टिकली दुसऱ्या ठिपक्यावर आली आणि पाहुणा असा किंचाळला की बाहेरच्या खोलीतली सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली. गॉगल एकीकडं, चादर एकीकडं. त्यानं हवेत एक चावा घेतला आणि टेबलावरून खाली उडी मारली, पुन्हा तीन पायांवर.

मुलीनं कधीच पेडल सोडलं होतं. 

चेकरबाईंच्या मनात पहिला शब्द आला तो, पकडलं!

डॉक्टर धावत आले. पाहुण्याला उचलून दिव्याखाली धरलं. आतल्या बाजूला एक बारीक लाल फोड उठला होता. "लेसर किती ठेवला होतास?" त्यांनी मुलीला विचारलं.

"नेहमीइतकाच, सर."

"हात थांबला?"

"नाही, सर." मग बारीक आवाजात, "नसावा."

डॉक्टरांनी ते दांडकं उलटसुलट करून बघितलं. "यंत्र तपासायला पाठवू. तोवर कोणालाच लेसर नाही. आणि तूही जरा बाहेरच्या टेबलावर बस." मग पाहुण्याला म्हणाले, "माफ करा हं, पाहुणेबुवा."

 घरी येताना, रिक्षात पाहुण्याला दोन्ही हातांत धरून बसल्या असताना, चेकरबाईंनी ते सगळं डोळ्यांपुढून पुन्हा उतरवलं, सावकाश, ताग्यासारखं. किंचाळी नेमकी ठिपक्यावर आली होती. काळं जास्त तापतं. मुलीनं सांगितलं होतं, आणि ते त्यांना सांगायलाही नको होतं. वाळवणीच्या दिव्यांखालून येणारा काळा तागा हातात धरवत नसे आणि पांढरा नुसता कोमट लागे, हे त्यांनी वर्षानुवर्षं अनुभवलं होतं. घरी येऊन त्यांनी साबण लावला, तेल चोळलं, ओल्या फडक्यानं पुसलं. ती शाई रंगाच्या उकळत्या कढईतून टिकून बाहेर यावी म्हणूनच बनवलेली होती. तशीच राहिली.

"लेसर बंद केला ना?" भाऊ म्हणाला. "तुझ्या मनासारखं झालं, ताई."

"हं."

"मग तोंड का एवढंसं?"

खोटा दोष घालणाऱ्यानं पुढं येऊन कबूल करायची पद्धत कारखान्यात नव्हती. मुकादमाला कोण विचारणार? चेकरबाईही गप्प राहिल्या. मात्र पाहुण्याकडं बघणं त्यांना सोडता येईना. सकाळी उठताना तो आता जास्त वेळ घेऊ लागला. आधी पुढचं अंग उठे, मग मागचं कसंबसं ओढून घेई. नखं जमिनीला लागत होती तीही लागेनाशी झाली. लेसर बंद झाल्यामुळे, की त्या उडीमुळे, की घाबरल्यामुळे? त्यांनी तिन्हींवर शंका घेऊन पाहिली. कुठूनही सुरुवात केली तरी दोरा त्यांच्याच हातात येत होता.

पाहुण्याच्या तपासणीच्या दिवशी दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर लेसरवाली बसली होती. ती एका पिल्लाचं वजन करत होती आणि पिल्लू वजनकाट्यावरून सारखं खाली उतरत होतं. तिनं वर बघितलं, "या," म्हणाली आणि पुन्हा काट्याकडं बघू लागली. आतल्या बंद खोलीच्या दारावर 'लेसर बंद' असा कागद चिकटवला होता. एक म्हातारा गृहस्थ आपल्या लांबोडक्या कुत्र्याला काखेत घेऊन तो कागद पुन्हा पुन्हा वाचत उभा होता.

डॉक्टरांनी पाहुण्याच्या डाव्या गुडघ्यावर हात फिरवला. मग उजव्या. उजवा दाबताच पाहुण्यानं पाय झटकन ओढून घेतला आणि ओठ चाटले. डॉक्टर त्याच्याशी बोलायचे थांबले. त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

"तुटलीय?" चेकरबाईंनी विचारलं.

"अजून नाही. पण ताण यायला लागलाय. डावा लवकर कामाला लागायला हवा. यंत्राचं काही कळेना अजून. कंपनीवाले म्हणतात, सगळं ठीक आहे. पण मी जोखीम कशी घेऊ?"

"डॉक्टर, यंत्रात दोष नाही."

"तुम्हाला कंपनीतून फोन आला वाटतं?"

"दोष मी घातला होता." चेकरबाईंनी पाहुण्याला कुशीवर वळवलं, पाय उचलून धरला आणि बोट ठेवलं. "हा माझा. हा माझा. हा त्याचा. हा माझा."

डॉक्टर दिवा घेऊन वाकले.  "हे काय आहे?"

"खुणेची शाई. ती आतल्या बाजूला लेसर देते की नाही, ते बघायचं होतं."

"पाहुणेबुवा," डॉक्टर कुत्र्याला म्हणाले, "तुमच्या घरच्यांनी तुमच्यावर शिक्के मारलेत." मग त्यांनी दार उघडून मुलीला हाक मारली आणि तिला सगळं सांगितलं. सांगताना त्यांना मधेच हसू फुटलं.

मुलगी हसली नाही. "मावशी, त्या दिवसापासून मी माझ्या हाताकडं बघतेय. थांबला होता का? थांबला होता का? घरी आईला हातात चमचा धरून करून दाखवलं मी. तरी कळेना."

"नव्हता थांबला."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी बघत होते. तेवढ्यासाठीच उठले होते." चेकरबाईंनी बोटानं टिकलीची वाट दाखवली. "आतली बाजूही सोडली नव्हतीस. कडेपर्यंत गेली होतीस."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

चेकरबाईंनी पाहुण्याचा पाय हळूच खाली ठेवला.  "चुकले," त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला भावजय तिथं नव्हती, हे त्यातल्या त्यात बरं.

मुलीनं पाहुण्याच्या कानामागं खाजवलं. मग सरळ उभी राहत म्हणाली, "सर, डाग जाईपर्यंत तेवढी जागा सोडून लेसर देते मी. वरून आणि बाजूनं. पण एक अट आहे. सुरू करायच्या आधी दर वेळी मी त्याला पूर्ण तपासणार. आणि मावशींची पर्स बाहेर राहणार."

"पर्समध्ये काय आहे माझ्या?"

"तेच तर मला माहीत नाही ना, मावशी."

चेकरबाईंनी पर्स बाहेरच्या टेबलावर ठेवली.

आता चष्मे घालायच्या आधी मुलगी मोठ्या भिंगाच्या दिव्याखाली पाहुण्याचा पाय इंच इंच बघे. चेकरबाई बाजूला उभ्या राहत. कोणी आपल्या वस्तूकडं असं बघत असताना शेजारी गप्प उभं राहणं किती अवघड असतं, हे त्यांना या वयात कळत होतं. "हा?" मुलगी बोट ठेवून विचारी. "तो त्याचा," त्या म्हणत. "नक्की?" "नक्की." तरी मुलगी स्पिरिटचा बोळा फिरवून बघेच. एकदा तिनं त्यांचा हात धरून, यंत्र थांबल्या थांबल्या, पाहुण्याच्या गुडघ्यावर ठेवला. "दिसत नाही ना? मग हातानं बघा." गुडघा कोमट होता. सगळीकडून सारखा, कडेपर्यंत. चेकरबाईंनी हात बराच वेळ तिथंच ठेवला. "उबेनं बरं होतं, असं कुठं लिहिलंय?" असं मात्र त्या म्हणाल्याच.

कातडीनं हळूहळू शाई टाकून दिली. पाहुण्याचं चवड्यावरचं नाचणं कमी होत गेलं. आता तो पंजा टेकवी, पण अंगाचा भार त्यावर टाकतो की नुसता देखावा करतो, हे काही केल्या ठरत नव्हतं. चेकरबाईंनी डॉक्टरांना गाठलं. "खरं सांगा, हे कशानं? लेसरनं, गोळ्यांनी, व्यायामानं, की नुसते दिवस गेले म्हणून?"

"ते मलाही वेगळं काढून सांगता येणार नाही."

हे उत्तर चेकरबाईंना आवडलं. या दवाखान्यातलं ते पहिलंच उत्तर होतं ज्याला त्यांनी दोरा बांधला नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून निघाल्यावर कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापाशी पाहुणा थांबला. ऑपरेशन झाल्यापासून तो पाय वर करी तो दुखरा डावाच, कारण उभं राहायला उजवाच भरवशाचा. आज त्यानं खांब हुंगला, एक गिरकी घेतली, दुसऱ्या बाजूनं हुंगला आणि उजवा पाय वर केला. डाव्यावर उभा राहिला. सगळा. जरासा हलला, पण राहिला.

चेकरबाई जागीच थांबल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की त्याचं अंग खांबाला टेकलेलं असू शकतं. बाजूनं वाकून बघायच्या आत त्यानं पाय खाली घेतला. एकदा काय, चुकूनही होतं माणसाचं. कुत्र्याचंही होत असेल.

घराची वाट डावीकडं होती. त्या उजवीकडं वळल्या, जिकडं रस्त्याच्या कडेला खांबच खांब होते. पाहुणा खुशीत पुढं निघाला. दुसऱ्या खांबापाशी तो थांबला तशा त्या दोन पावलं मागं सरल्या आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचत उभ्या राहिल्या, कारण कोणी टक लावून बघितलेलं त्याला आवडत नसे.